वर्तणूक कमी करून मिळणेबाबत

माझ्या पोरीनं आठवीच्या वार्षिक परीक्षेआधी वर्गातली खुर्ची दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून खाली टाकली. खाली कुणी नव्हतं, हे आधीच सांगून टाकते. ज्यांना ज्यांना मी हे सांगते त्यांचा जीव तिथंच अडकतो आणि मग पुढचं कुणी ऐकत नाही. खाली शाळेच्या गुलाबांचं आळं होतं. खुर्ची प्लास्टिकची होती, तिला काही झालं नाही. गुलाबांना झालं.

खुर्ची टाकायचं कारण मी. म्हणजे मी तिथं नव्हते, पण निबंध 'माझी आई' हा होता. पोरीनं लिहिलं होतं, माझी आई दिवसभर लोकांचं रक्त काढते आणि घरी येऊन आमचं पिते. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त काढायला आहे, त्यामुळं वाक्यात चूक काहीच नव्हती. पण बाईंनी ती वही सगळ्या वर्गाला वाचून दाखवली, पोरं खिदळली, आणि आमच्या पोरीचे कान लाल झाले. कान लाल झाले की पुढं काय होतं ते आम्ही घरातले ओळखून आहोत. शाळेला ते तीन वर्षांत ओळखता आलं नव्हतं.

लॅबमध्ये लहान पोरांना सुई टोचायची असली की आमचे डॉक्टर मलाच हाक मारतात. मी गप्पा मारत मारत अशी सुई घालते की पोराला रडायची आठवण होईपर्यंत पट्टी लागलेली असते. अर्ध्या सिडकोची पोरं मी अशी गप्प केलीत. घरची एक मात्र आवरत नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ, सांगायचं कुणाला?

तसं आम्ही हातावर हात धरून बसलो नव्हतो. मनाच्या डॉक्टरांकडं वर्षभर जात होतो. ते म्हणाले, पोरगी हुशार आहे, मनानं चांगली आहे, फक्त राग आला की हिचा ब्रेक उशिरा लागतो. त्यांनी गोळी दिली आणि एक साधी गोष्ट सांगितली. राग चढायला लागलाय असं तिला वाटलं की तिला उठून बाहेर जाऊ द्यायचं. पाच मिनिटांत ती आपली आपण परत येईल. घरात आम्ही तिला गच्चीवर जाऊ देत होतो आणि फरक पडला होता. शाळेत मात्र वर्गाबाहेर जाणं ही शिक्षा. ती मागून मिळत नाही, दिली तरच घ्यायची. ती दोनदा न विचारता उठून गेली तर तिला दोनदा धरून आणलं, आणि तिसऱ्यांदा तिच्याऐवजी खुर्ची बाहेर गेली.

परीक्षा झाल्यावर मुख्याध्यापिकेनं मला बोलावलं. बोलणं लई गोड. आम्ही मुलीला काढत नाही, तुम्हीच दाखला काढून घ्या. माझ्यासारख्या अडाणी बाईला यातला फरक कळावा म्हणून त्यांनी तो नीट समजावून सांगितला. शाळेनं पोराला काढलं तर वरून विचारणा होते. पालकांनीच 'स्वेच्छेनं' अर्ज दिला की सगळे मोकळे. मी म्हणलं, देते अर्ज स्वेच्छेनं, पण दाखल्यावर वर्तणुकीच्या रकान्यात काही वेडंवाकडं दिसलं तर मी इथंच बसून राहीन. त्या म्हणल्या, छे हो, 'चांगली' लिहू. सगळ्यांच्याच दाखल्यावर 'चांगली' असतं.

तिथंच उठायला पाहिजे होतं. पण माझं एक आहे, भांडणात जिंकायला लागले की मला थांबता येत नाही. तीन वर्षं या ऑफिसात मी खाली मान घालून उभी राहिले होते आणि आज पहिल्यांदा यांना माझी गरज होती. मी म्हणलं, चांगली नको, अतिउत्तम लिहा. ऑफिसातल्या क्लार्कनी कॉम्प्युटरवरचा हात काढून मुख्याध्यापिकेकडं पाहिलं. त्यांनी डोळे मिटले आणि मान डोलावली. क्लार्कनी टाइप केलं, शिक्का मारला आणि मी तो कागद घेऊन असल्या तोऱ्यात बाहेर आले की काय सांगावं. येताना गुलमंडीवरून इमरती आणली. पोरगी शाळेतून गेली म्हणून गोड खाणारं आमचं पहिलंच घर असेल.

आमचे हे वाळूजला कंपनीत आहेत. शिफ्टमध्ये मशीनच्या आवाजात राहून राहून यांना कमी बोलायची सवय लागली आहे. यांनी दाखला वाचला आणि एवढंच म्हणाले, अति कशाला? मी म्हणलं, तुम्ही इमरती खा. पोरीनं दाखला घेतला, लई वेळ वाचला आणि गच्चीवर गेली. मला वाटलं, मैत्रिणी सुटल्या म्हणून वाईट वाटत असेल.

आता नववीला शाळा शोधायची होती, आणि ती मिळाली नाही तर काय याचा विचार करायची आमच्या घरात सोय नव्हती. माझ्या वडलांनी बांधकामावर विटा वाहून आम्हा तिघी बहिणींना शिकवलं. ताप आला तरी शाळेत सोडून यायचे आणि सांगायचे, तिथं पड. त्यांच्या नातीला नववीत घरी बसवलं असतं तर ते फोटोतून खाली उतरले असते. रविवारी विहारात मी सहज विषय काढला तर वंदना संपायच्या आत मला सहा शाळा सुचवून झाल्या. प्रत्येकीची बहीण, जाऊ नाहीतर भाची कुठल्या ना कुठल्या शाळेत होतीच.

पहिली शाळा बीड बायपासची. नवीकोरी इमारत, दारात कारंजं, आत एसी. समुपदेशक मॅडमच्या खोलीत भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, प्रत्येक मूल म्हणजे एक फूल. मला ते गुलाबाचं आळं आठवलं आणि मी खोकल्याचं सोंग करून हसू गिळलं. पोरीनं माझ्याकडं पाहिलं, तिलाही तेच आठवलं होतं, आणि मग दोघींनाही खोकला लागला. मॅडमनी पाणी मागवलं. मग त्यांनी दाखला पाहिला आणि विचारलं, शाळा दहावीपर्यंत आहे, वर्तणूक अतिउत्तम आहे, मग आठवीतून का काढली?

याची तयारी मी केलीच नव्हती. तोंडात आलं ते बोलले, हवापालट म्हणून. सिडको ते बायपास, एकाच शहरात कसली हवा पालटते, पण बोलून गेले. मॅडमनी ते लिहूनसुद्धा घेतलं. मग पोरीला म्हणल्या, तुला काही विचारायचंय का, बेटा? पोरीनं विचारलं, "मॅडम, राग आला की इथं कुठं जायचं?"

मॅडम गोड हसल्या आणि म्हणल्या, इथं आम्ही राग येऊच देत नाही. बाहेर आल्यावर लिफ्टमध्ये पोरगी मला विचारते, येऊच देत नाय म्हणजे गेटवरच अडवतात का? आम्ही खालपर्यंत हसत आलो. फोन करतो म्हणाले होते, तो आला नाही. त्या दिवसापासून पोरीनं तो प्रश्न धरून ठेवला. मी शाळा बघताना फी, बस, निकाल बघायचे. ही प्रत्येक शाळेला तेवढं एकच विचारायची. डॉक्टरांनी सांगितलेली पाच मिनिटं तिला कुठं काढता येतील, तेवढंच तिला पाहिजे होतं. मी म्हणायचे, अगं, पहिल्याच भेटीत रागाचं काय काढतेस, आधी आत तरी घेऊ दे. ती म्हणायची, आत गेल्यावर विचारून काय करू?

दुसरी शाळा छावणीतली, शिस्तीची. सरांच्या मिशा आणि शिट्टी दोन्ही कडक. म्हणाले, आमच्याकडं भलीभली पोरं सुतासारखी सरळ होतात. दाखला पाहून मात्र त्यांनी तो उताणा-पालथा केला, उजेडात धरला आणि म्हणाले, हे खोटं आहे. अतिउत्तम कुणीच लिहीत नाही. जिथं असं लिहिलंय तिथं काहीतरी दडवलेलं असतं. खरं सांगा, काय केलं हिनं? असल्या केसेस आम्ही लई बघितल्यात.

'केस' या शब्दावर माझं डोकं फिरलं. मग तोंडाचा जो पट्टा सुटला तो सुटलाच. केस पोलीस ठाण्यात असते, दवाखान्यात असते, ही माझी पोरगी आहे, आणि सूत सरळ लागतं ते शिवणाऱ्याला, शिकवणाऱ्याला नाही. आणखी काय काय बोलले ते आठवत नाही. शेवटी मी टेबलावर हात आपटला आणि पाण्याचा ग्लास सरांच्या हजेरीपटावर आडवा झाला. सर ताडकन उठले. मी पण उठले. तेवढ्यात पोरीनं माझं कोपर धरलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "मम्मी, चल, पाच मिनिटं बाहेर चल."

तिनं मला बाहेर लिंबाखाली नेऊन बसवलं. बाटलीतलं पाणी दिलं. म्हणाली, श्वास सोड, बोलू नको, पायाखालचं गवत बघ. डॉक्टरांचं सगळं औषध तिनं मला पाजलं. मी गवत बघितलं. खरंच राग उतरला हो, आणि मग इतकं हसू आलं की मला उठता येईना. पोरगी पण माझ्या शेजारी फतकल मारून हसत बसली. खिडकीतून सर बघत होते. त्यांना वाटलं असेल, दोघींच्याही हातात दाखला द्यावा. खाण तशी माती म्हणतात ते काय उगाच नाही.

मे सरला. अशा दोन-तीन शाळा आणखी झाल्या, प्रत्येक ठिकाणी त्या एका शब्दाशी घोडं पेंड खायचं. काही जण हसून विचारायचे, काही जण जुन्या शाळेत फोन लावायचे, आणि तिथं कुणी काय सांगत असेल ते उघड होतं. माझ्या लक्षात आलं की माझी इमरती मलाच महागात पडली. पण हे मी कबूल करीन तर मी कसली.

मग नणंदेनं दौलताबादकडची एक निवासी शाळा सुचवली. तिथंच राहायचं, तिथंच शिकायचं, महिन्यातून एकदा भेट. खोटं कशाला बोलू, ऐकल्यावर क्षणभर मला बरं वाटलं. रोज शाळेचा फोन वाजायची धास्ती नाही, हात धुताना, सुई धरताना मोबाइलकडं डोळा नाही. मी यांना रात्री जेवताना सांगितलं, जरा घुमवून फिरवून सांगितलं. यांनी भाकरीचा तुकडा हातात तसाच धरला आणि म्हणाले, "पोरगी घरी झोपंल." एवढंच. पुन्हा विषय निघाला नाही. क्षणभर का होईना बरं वाटलं, याची मात्र मला अजून लाज वाटते.

जून आला. गल्लीतल्या पोरांच्या वह्या-पुस्तकांची खरेदी सुरू झाली. आमची पोरगीही सुपारी हनुमानाच्या देवळाबाजूच्या दुकानातून खाकी कागद घेऊन आली आणि वह्यांना कव्हरं घालत बसली. लेबलं लावली. लेबलावर नाव लिहिलं, इयत्ता नववी लिहिलं, आणि शाळेची ओळ कोरी ठेवली. अकरा वह्या, अकरा कोऱ्या ओळी. मी चहा ठेवायला म्हणून आत गेले आणि गॅस न पेटवताच ओट्याला धरून उभी राहिले. सगळ्या धिंगाण्यात, हसण्यात मला पहिल्यांदा खरी भीती वाटली ती तेव्हा.

त्याच आठवड्यात लॅबमध्ये शुगर तपासायला आलेल्या एका म्हातारबाईनं बोलता बोलता सांगितलं, हर्सूलला आमच्या नातवाची शाळा आहे, तिथल्या मोठ्या बाई जरा येड्या आहेत पण पोरांच्या आहेत. मी तिच्या दंडाची पट्टी सोडायच्या आत पत्ता लिहून घेतला. दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकली आणि पोरीला स्कूटीवर मागं बसवून निघाले. हर्सूलला जाताना जेलची भिंत लागते. भिंत संपता संपेना तेव्हा मागून आवाज आला, मम्मी, शाळेचं सांगून इथंच सोडणार आहेस का? मी म्हणलं, इथं पण वर्तणूक बघतात, तुला घ्यायचे नाय.

शाळा साधीच. पत्र्याचे वर्ग, मोकळं मैदान, दोन मोठी झाडं. मोठ्या बाई नावाला मोठ्या, अंगानं एवढ्याशा, टेबलावर भाजलेल्या शेंगदाण्यांचा डबा. त्यांनी आधी आम्हाला शेंगदाणे दिले आणि मग दाखला घेतला. वाचता वाचता चष्मा कपाळावर सरकवला, कागद डोळ्यांजवळ नेला आणि हसायला लागल्या. अशा हसल्या की चष्मा काढून डोळे पुसले. म्हणल्या, अहो, देवाचं पोर दाखला मागायला आलं तरी आमचा क्लार्क 'चांगली' लिहील. हे अतिउत्तम कुणी लिहून घेतलं? पोरीनं क्षणाचाही विचार न करता माझ्याकडं बोट केलं.

मोठ्या बाई मला म्हणल्या, तुम्ही बाहेर बसा. मी म्हणलं, मी आई आहे तिची. त्या म्हणल्या, म्हणूनच.

बाहेरच्या बाकड्यावर मला दहा मिनिटंसुद्धा बसवेना. मी उठून खिडकीशी गेले. आवाज येत नव्हता, पण पोरीचे हात दिसत होते. तिनं दोन्ही हातांनी काहीतरी उचललं, डोक्यावर धरलं आणि बाहेर भिरकावलं. खुर्ची. मग किल्ली फिरवल्यासारखं केलं, म्हणजे प्रयोगशाळेचं दार. सहावीत तिनं विज्ञानाच्या सरांना आत कोंडलं होतं. मग कात्रीसारखी दोन बोटं चालवली, म्हणजे त्या पोरीची वेणी. ते मात्र वाईट केलं होतं हिनं, लई वाईट. मी कपाळावर हात मारला. दोन महिने मी जे जे झाकत फिरले ते सगळं हिनं दहा मिनिटांत हातवारे करून सांगून टाकलं होतं. शाळेतल्या शिपाई मावशींनी येऊन मला खिडकीपासून मागं ओढलं आणि म्हणल्या, बाई, तुमच्यापरीस पोरं बरी, बस म्हणलं की बसतात.

आत बोलावलं तेव्हा मी हवापालटाच्याही पलीकडचं एखादं कारण तोंडात तयार ठेवलं होतं. त्याची गरजच पडली नाही. मोठ्या बाई म्हणल्या, पोरगी घेते. हा दाखला घेत नाय. जुन्या शाळेत जा, 'चांगली' करून आणा. शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा आहे, तोवर आणा. सोमवारपासून नववीचा वर्ग.

मला काही कळेचना. मी म्हणलं, बाई, दाखल्यावर चांगलं आहे ते कमी करून आणायला सांगणारी शाळा मी पहिल्यांदाच बघते. कागद तर आहे. दोन वर्षांनी दहावी झाली की याला कोण विचारतंय? राहू द्या की. त्या पोरीकडं बघून म्हणल्या, मला सांगितलंस ते आईला सांग.

पोरगी टेबलावरच्या शेंगदाण्यांची टरफलं गोळा करत होती. टरफलांकडंच बघत म्हणाली, "तू हे लिहून आणलंस ना, तेव्हा मला वाटलं, मम्मीला दुसरीच पोरगी पाहिजे. तिला मिळंल शाळा. पण रोज जायचं तर मला आहे ना."

ज्या बाईला आजवर कुणी शब्दात पकडलं नाही तिला चौदा वर्षांच्या पोरीनं गप्प केलं. मी लई वेळ गप्प बसले. माझ्यासाठी लई म्हणजे एक मिनिट असेल. मी तो कागद जिंकून आणला होता आणि वाजतगाजत घरी नेला होता, आणि त्यात माझी पोरगी कुठंच नव्हती. मला स्वतःला दोन मुस्काटात द्याव्या वाटल्या. मोठ्या बाईंनी शेंगदाण्याचा डबा माझ्याकडं सरकवला आणि मी भूक नसताना दोन मुठी खाल्ल्या.

परत येताना पोरीनं स्कूटीवर सांगितलं की तिनं त्यांनाही तो प्रश्न विचारला होता. मोठ्या बाई म्हणल्या, तू त्या पलीकडच्या झाडाखाली जात जा. हात वर करायचा, बोट दाखवायचं आणि जायचं, मी सगळ्यांना सांगून ठेवते. पाण्याच्या टाकीमागं मात्र जायचं नाय, तिथं मी जाते. मला राग आला की ती माझी जागा आहे. पोरगी हे तीनदा सांगत होती आणि तिन्ही वेळा हसत होती.

शनिवारी सकाळी सातलाच आम्ही जुन्या शाळेच्या दारात. क्लार्कना वाटलं, मी आणखी काहीतरी वाढवून घ्यायला आले. त्यांनी आधीच हात जोडले. मी सांगितलं ते त्यांना दोनदा ऐकून पटेना. म्हणाले, असं तोंडी होत नाय, अर्ज द्या. मी तिथंच बसून लिहिलं. विषय: माझ्या पाल्याची वर्तणूक 'अतिउत्तम' वरून कमी करून 'चांगली' करून मिळणेबाबत. कारण: पालकाची चूक. अर्ज क्लार्कनी वाचला, मग बाजूच्या टेबलावर दिला, मग तो स्टाफरूममध्ये गेला. आतून हसण्याचे आवाज येत होते. मुख्याध्यापिका स्वतः बघायला आल्या. म्हणल्या, इतक्या वर्षांत वाढवून मागणारेच पाहिले हो, आणि सही करून टाकली. मी पण हसत होते. हसता हसता पोरीकडं पाहिलं आणि हसू जागच्या जागी थांबलं.

निबंध वाचणाऱ्या बाई हजेरीपट न्यायला ऑफिसात आल्या होत्या. पोरीचे कान लाल झाले होते. हात मांडीवर घट्ट. ऑफिसात प्लास्टिकच्या चार खुर्च्या होत्या, त्यातल्या एकीवर मी बसले होते. पोरगी उठली. कुणाला काही न विचारता दारातून बाहेर पडली आणि मैदानाच्या टोकाला नळ आहे तिथं जाऊन पाठमोरी उभी राहिली. मला उठून मागं पळायचं होतं. लॅबमध्ये दिवसभर हात स्थिर ठेवायची सवय आहे मला, पण त्या पाच मिनिटांइतके ते कधी जड झाले नव्हते. मी बसून राहिले. त्या बाई हजेरीपट घेऊन गेल्या. पोरगी तोंड धुऊन, केस ओले करून आत आली आणि परत आपल्या जागेवर बसली. ऑफिसात कुणाला काही कळलंसुद्धा नाही.

क्लार्कनी जुना दाखला रद्द केला, नवा उघडला आणि वर्तणुकीच्या रकान्यापाशी येऊन विचारलं, मग काय लिहू? सवयीनं माझं तोंड उघडलं. मी ते मिटलं आणि पोरीकडं बघितलं. क्लार्क पण तिच्याकडं बघायला लागले.

"चांगली लिहा," ती म्हणाली. मग जरा थांबून, "पण रोज नाय."

क्लार्कनी चष्म्यातून रकाना नीट बघितला आणि अगदी गंभीरपणे सांगितलं की तेवढी जागा नाही. मग त्यांनी फक्त चांगली लिहिलं.

साडेदहा वाजून गेले होते. मी हर्सूलला जायला स्कूटी काढली, तिनं दाखला पिशवीत घातला, पिशवी पोटाशी धरली आणि मागं बसली. सातवीत गेल्यापासून ती मला धरत नाही, मागची दांडी धरते, मोठी झाली म्हणून. सिग्नलला थांबलो तेव्हा मागून म्हणाली, "मम्मी, तुला वाटलं होतं ना, मला कुणीच घेणार नाय?"

एरवी मी म्हणलं असतं, येडी का काय तू, असं कुणी म्हणलं? अशी उत्तरं माझ्याकडं तयारच असतात. त्या दिवशी मी म्हणलं, "व्हय."

ती म्हणाली, "मला पण." आणि तिनं दांडी सोडून दोन्ही हातांनी मला धरलं, मध्ये ती पिशवी, आणि हनुवटी माझ्या खांद्यावर टेकवली. मला पुढचं काही दिसेना. सिग्नल हिरवा झाला होता, मागचे सगळे हॉर्न वाजवत होते, एक रिक्षावाला बाजूनं जाताना क्या हुआ आपा, सो गए क्या म्हणून गेला, तरी मी जागची हलले नाही.

"मम्मी, चल ना," ती कानाशी म्हणाली, "शाळा बंद होईल."